रात्री दोनची तपासणी आणि बंद संगणक

घरच्या संगणकासाठी अँटिव्हायरस घेताना 'कोणता चांगला' हा प्रश्न बहुतेक जण विचारतात. परंतु तो नेमका केव्हा काम करणार, याची चौकशी क्वचितच होते. वास्तविक पहिल्या प्रश्नाचे उत्तर आता बरेच सोपे झाले आहे. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून मायक्रोसॉफ्टने डिफेंडर हा संपूर्ण अँटिव्हायरस विंडोजमध्येच समाविष्ट केल्यामुळे नवा संगणक पहिल्या दिवसापासून संरक्षित असतो, आणि साध्या घरगुती वापरासाठी एवढे संरक्षण सहसा पुरते. मुलांच्या वापरावर मर्यादा घालण्याची सोय किंवा अडचणीत फोनवर मदत हवी असेल, तर पुण्याच्या क्विक हीलसारख्या कंपनीचे विकतचे सॉफ्टवेअर घेण्यास अर्थ आहे. नव्या लॅपटॉपबरोबर आलेल्या चाचणी आवृत्तीची मुदत संपताना पडद्यावर झळकणाऱ्या लाल इशाऱ्याला घाबरून मात्र ते घेऊ नये.

एकाच संगणकावर दोन अँटिव्हायरस सतत चालू ठेवणे घातक ठरते, कारण प्रत्येक फाइल उघडताना दोघेही तिला अडवून तपासू पाहतात आणि त्या ओढाताणीत यंत्र मंदावते किंवा अडकते. म्हणूनच दुसरा अँटिव्हायरस बसवताच विंडोज सामान्यतः डिफेंडरचा सततचा पहारा थांबवते. परवान्याचे नूतनीकरण करायचे नसेल, तर मुदत संपलेले सॉफ्टवेअर तसेच पडू न देता काढून टाकावे, म्हणजे डिफेंडर पुन्हा सूत्रे हाती घेतो.

हा पहारा सतत असताना ठरावीक वेळी वेगळी तपासणी कशासाठी, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. अँटिव्हायरस घातक प्रोग्रॅम ओळखतो तो काही अंशी त्याच्या संशयास्पद वर्तनावरून आणि बऱ्याच अंशी 'सिग्नेचर'वरून, म्हणजे आधी सापडलेल्या प्रोग्रॅमच्या नोंदवलेल्या खुणांवरून. त्यामुळे ज्या फाइलची खूण काल यादीत नव्हती, ती पहाऱ्यातून सुटून एखाद्या फोल्डरमध्ये न उघडता पडून राहू शकते. अशी फाइल नव्या यादीनिशी शोधणे हे नियोजित तपासणीचे काम होय, आणि म्हणून आधी अपडेट व मग तपासणी हा क्रम पाळावा लागतो. झटपट तपासणी स्मृती आणि संगणक सुरू होताना चालणारे प्रोग्रॅम अशा मोक्याच्या जागा पाहते, तर संपूर्ण तपासणी सगळी डिस्क चाळते आणि जुन्या, फिरत्या हार्ड डिस्कवर तिला काही तासही लागतात.

खरी गफलत होते ती वेळापत्रकात. रात्री दोनची वेळ कचेरीतल्या अहोरात्र चालू संगणकाला सोयीची असते. आपल्याकडे काम संपताच भिंतीवरचे बटणही बंद करण्याची रीत असल्याने घरात ती तपासणी होतच नाही. त्याऐवजी संगणक चालू असतो पण त्यावर महत्त्वाचे काम नसते, अशी वेळ शोधावी: झटपट तपासणी रोज जेवणाच्या वेळी आणि संपूर्ण तपासणी महिन्यातून एखाद्या रविवारी दुपारी, हे प्रमाण बहुतेक घरांना पुरेसे आहे. विंडोजमधील टास्क शेड्यूलर या वेळापत्रक ठरवणाऱ्या साधनात चुकलेले काम संगणक सुरू होताच करण्याचा पर्याय असतो, तो निवडावा. लॅपटॉप बॅटरीवर असताना काम सुरू करू नये, अशी अट तेथे असल्यास ठरलेल्या वेळी चार्जर जोडलेला हवा.

अँटिव्हायरसपेक्षाही विंडोजच्या अपडेटकडे अधिक लक्ष द्यावे, असे म्हणण्यास सबळ आधार आहे. फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय १२ मे २०१७ रोजी जगभर पसरला. तो ज्या त्रुटीतून शिरत होता, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती, आणि ती बसवलेल्या संगणकांत त्याला त्या वाटेने शिरता आले नाही. विंडोज १० साठीच्या नियमित मोफत दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या असल्याने, दुरुस्त्यांच्या विस्तारित योजनेत न नोंदवलेल्या अशा संगणकाची उणीव कितीही महाग अँटिव्हायरस पूर्णपणे भरून काढू शकत नाही.

ठरवलेले वेळापत्रक प्रत्यक्षात पाळले जाते की नाही, हे पाहण्यासाठी विंडोज सिक्युरिटीमध्ये शेवटच्या तपासणीची तारीख दिलेली असते. ती कित्येक आठवड्यांपूर्वीची दिसल्यास नवे सॉफ्टवेअर विकत घेण्याआधी तपासणीची वेळ बदलून पाहावी.