डॉक्टरची आपुलकी कोण मोजणार?

१२ डिसेंबर १९२९ च्या ‘यंग इंडिया’त काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र छापून आले. बाळंतीण बायको आजारी पडली. डॉक्टर वस्तीत येईना. दोन रुपये फी ठरली, तीही वस्तीबाहेर तपासण्याच्या अटीवर. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हाती दिला, त्याने नवऱ्याच्या, नवऱ्याने बायकोच्या. हात न लावता निदान झाले, न्यूमोनिया! औषध आले, बाई वाचली नाही. बाबासाहेबांनी हे पत्र ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’त नोंदवून ठेवले आहे.

आज डॉक्टरची आपुलकी मोजणारी प्रश्नावली आहे. २००४ साली ग्लासगोच्या डॉ. स्टुअर्ट मर्सर आणि सहकाऱ्यांनी ‘केअर’ नावाची मोजपट्टी मांडली. १० प्रश्न, प्रत्येकी १ ते ५ गुण. डॉक्टरने बोलू दिले का, नीट ऐकले का, समजेल असे सांगितले का? गुण देतो रुग्ण, डॉक्टर नव्हे. हे आम्हांला मोलाचे वाटते.

पण परकी मोजपट्टी इथे खरे मोजते का, हे आधी तपासावे लागते. भाषांतर करायचे, ते उलटे करून पडताळायचे, प्रश्न रुग्णाला कळतो का ते पाहायचे, उत्तरे एकमेकांशी जुळतात का ते गणिताने तपासायचे. हे सारे करूनही एक गोष्ट निसटते. त्या १० प्रश्नांत ‘डॉक्टरने हात लावून तपासले का?’ हा प्रश्नच नाही. ग्लासगोला तो सुचण्याचे कारण नव्हते. आम्हांला आहे.

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केले. गावोगावच्या बाया आरोग्यसेविका झाल्या. त्यांत दलित बाया होत्या, अक्षरओळख नसलेल्याही होत्या. बाळंतिणीला आधार कशाचा वाटतो, हे त्यांना कुणी शिकवावे लागले नाही. या जिल्ह्यात प्रश्नावली तपासायची तर पहिले प्रश्न अशा बायांना विचारून घ्या.

आणि विचारणार कोण? दवाखान्याचाच माणूस कागद घेऊन उभा राहिला, तर ऊसतोडीहून आलेली बाई ‘बरं हाय’ एवढेच म्हणेल. उद्या त्याच दारात तिला पुन्हा यायचे आहे. तिला वाचता येत नसेल तर प्रश्न वाचून दाखवा, पण तिच्या वस्तीत, तिच्या विश्वासाच्या माणसाकडून. नाहीतर ५० पैकी ५० गुण मिळतील आणि थर्मामीटर तिसऱ्याच्याच हातातून फिरत राहील!