बातमीच्या शेजारचं औषध

साक्रीला माझ्या मावशीच्या घरी सकाळी टीव्ही लागतो तो बातम्यांसाठी. पण बातम्यांच्या आधी त्याच वाहिनीवर पांढरा कोट घातलेला एक गृहस्थ बसलेला असतो, समोर प्रश्न विचारणारी बाई, खाली सरकणारा फोन नंबर. मावशीने गुडघ्यांसाठी तिथलं तेल मागवलं, ते पोस्टाने आलं, तीन महिने चोळून झालं. तेवढे तीन महिने धुळ्याला हाडांच्या डॉक्टरांकडे जाणं लांबलं. मी बोललो तेव्हा ती म्हणाली, “बातम्यास्ना चॅनलवर दखाडतस, मंग खोटं कसं राही?”

तिचा प्रश्न भाबडा नाही. बातम्यांच्या वाहिनीवर दिसणारी गोष्ट कोणीतरी पडताळलेली असणार, हे धरूनच आपण सगळे टीव्ही पाहतो. त्या विश्वासाभोवती जे गैरसमज जमले आहेत, ते एकेक करून बघू.

“बातम्यांच्या वाहिन्या औषध कंपन्याच चालवतात.” हा निरोप फोनवर फिरतो तो मुळात अमेरिकेतला आहे. तिथे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधांची जाहिरात थेट रुग्णांसाठी टीव्हीवर करता येते. १९९७ मध्ये तिथल्या औषध नियामकाने नियम सैल केले आणि अशा जाहिरातींचा पूर आला. अशी मोकळीक देणारा दुसरा देश न्यूझीलंड. आपल्याकडे अनुसूची एच, एच-१ आणि एक्समधल्या, म्हणजे चिठ्ठीवरच द्यायच्या औषधांची जाहिरात केंद्र सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय लोकांपुढे करता येत नाही. म्हणून रक्तदाबाच्या गोळीची जाहिरात तुम्हाला रात्री नऊच्या बातम्यांत दिसत नाही. दिसतात ते बाम, चूर्ण, ॲसिडिटीचं औषध, केसांचं तेल, ‘प्रतिकारशक्ती’ वाढवणारे डबे आणि मोठी खासगी रुग्णालयं. पैसा येतो, पण या दाराने येतो. अमेरिकेकडे बोट दाखवत बसलं की आपल्या घरातलं हे दार नजरेआड होतं.

“दाखवण्याआधी सरकार तपासतं.” सिनेमाला सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं, टीव्हीवरच्या जाहिरातीला लागत नाही. मुंबईतली ‘ॲस्की’ ही जाहिरात मानक परिषद १९८५ पासून काम करते, पण ती उद्योगानेच उभारलेली संस्था आहे. तिच्याकडच्या तक्रारी बहुतेक जाहिरात दाखवून झाल्यावरच्या असतात. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे स्वयंघोषणेची पद्धत आली, पण तीही जाहिरातदाराने स्वतःच लिहून द्यायची हमी होती.

“आयुर्वेदिक आहे, त्याला कायदा लागत नाही.” लागतो, आणि फार जुना कायदा आहे. ‘औषधे आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम’ १९५४ चा. भारतात टीव्हीचं पहिलं प्रक्षेपण झालं १९५९ मध्ये, दिल्लीत. म्हणजे कायदा करणाऱ्यांपुढे टीव्ही नव्हताच. तरी त्यांनी जाहिरातीच्या व्याख्येत तोंडी सांगणं घातलं, आणि प्रकाश, ध्वनी किंवा धूर यांच्या साहाय्याने केलेली घोषणाही घातली. धुराचा विचार करणाऱ्या त्या माणसांचं मला फार कौतुक वाटतं, कारण त्याच शब्दांत आजचा टीव्हीही बसतो. मधुमेह, कर्करोग, रक्तदाब, अर्धांगवायू, संधिवात असे पन्नासहून अधिक आजार कायद्याच्या यादीत आहेत. ते बरे करण्याचा दावा लोकांपुढे जाहिरातीत करायचा नाही, मग औषध कोणत्याही पॅथीचं असो. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही.

याच कायद्यातून पुढच्या गैरसमजाचंही उत्तर मिळतं : “वाहिनीचा काय दोष, ती फक्त वेळ विकते.” कायदा म्हणतो, अशा जाहिरातीच्या प्रसिद्धीत कोणीही कोणताही भाग घ्यायचा नाही. आपल्या धुळे जिल्ह्याचं उच्च न्यायालय म्हणजे औरंगाबाद खंडपीठ. त्या खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये एका शिक्षकाच्या याचिकेवर निकाल दिला. प्रकरण औषधाचं नव्हतं, टीव्हीवर विकल्या जाणाऱ्या ‘हनुमान चालिसा यंत्रा’चं होतं. न्यायालयाने २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली अशा जाहिराती बेकायदा ठरवल्या आणि दाखवणारी वाहिनीही जबाबदार राहील, असं स्पष्ट केलं. हा कायदा व्हावा म्हणून डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षं झटले. त्यांच्या खुनानंतर काही दिवसांत तो अध्यादेश म्हणून आला.

आता मूळ प्रश्न. जाहिरातीच्या पैशाने बातमी वाकते का?

पतंजलीविरुद्ध तिच्या जाहिरातींवरून इंडियन मेडिकल असोसिएशन २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेली. २१ नोव्हेंबर २०२३ ला न्यायालयाने ताकीद दिली, फेब्रुवारी २०२४ मध्ये अवमानाची नोटीस काढली. २३ एप्रिल २०२४ च्या सुनावणीत न्या. हिमा कोहली आणि न्या. अहसानुद्दीन अमानुल्लाह यांच्या पीठाने एका दृश्याकडे लक्ष वेधलं. टीव्हीवर निवेदक न्यायालयात काय घडलं ते वाचून दाखवतो आहे, आणि पडद्याच्या कडेला तीच जाहिरात चालू आहे! बातमी दडपलेली नव्हती. ती पूर्ण सांगितली जात होती. पण तिच्याच शेजारी, तिच्याच विश्वासावर माल विकला जात होता.

म्हणून “सगळ्या बातम्या विकल्या गेल्यात” हेही मला पटत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात ‘कोल्ड्रिफ’ खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक मुलं गेली. त्यातली बरीच नागपूरला उपचारांसाठी आणलेली होती. औषधात डायएथिलिन ग्लायकॉल हे विष निघालं. वाहिन्यांनी ही बातमी लावून धरली. आपल्या अन्न व औषध प्रशासनाने त्या बॅचबद्दल इशारा दिला, तोही घरोघर पोचला. मात्र ती कंपनी कांचीपुरमची, लहान. रोज सकाळी अर्धा तास विकत घेणाऱ्या तेलाबद्दल तीच वाहिनी संध्याकाळी चौकशी करेल का, याची परीक्षा त्या बातमीत झाली नाही. पैशाचा परिणाम बहुधा खोट्या बातमीत सापडत नाही. तो सापडतो न विचारलेल्या प्रश्नात, आणि न झालेली बातमी प्रेक्षकाला कशी दिसणार?

ब्रिटनमध्ये टीव्हीच्या बातम्यांना प्रायोजक घेण्यालाच बंदी आहे. आपल्याकडे ठळक बातम्यांनाही प्रायोजक असतो. केबल टीव्हीच्या १९९४ च्या नियमांत जाहिरात कार्यक्रमापासून स्पष्ट वेगळी ओळखू आली पाहिजे, असं लिहिलेलं आहे. पण त्या पांढऱ्या कोटाच्या कार्यक्रमात कोपऱ्यातली बारीक अक्षरातली सूचना मला चष्मा लावूनही धड वाचता आली नाही. मावशीला ती कशी दिसावी?

तक्रार करायची तर धुळ्याला अन्न व औषध प्रशासनाचं कार्यालय आहे, ‘ॲस्की’कडे घरबसल्या करता येते. वाहिनीचं नाव, तारीख, वेळ आणि जमल्यास फोनवर काढलेला व्हिडिओ जवळ असावा. मावशीला एवढंच सांगितलं. परवा गेलो तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर, गॅसचं सिलिंडर लावल्याच्या तारखेखाली, तिने त्या कार्यक्रमाची वेळ लिहून ठेवली होती.