टॉर्क कन्व्हर्टर मूळचा की बदललेला?

वसई, प्रतिनिधी – मुंबई-अहमदाबाद महामार्गाला भिवंडीचा रस्ता मिळतो त्या चिंचोटी फाट्यावरून दिवसरात्र अवजड वाहने धावतात. त्यांत ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा जुना ट्रक विरळाच. असा ट्रक घेणाऱ्याने मात्र इंजिन व गिअरबॉक्स यांच्यामध्ये दडलेला टॉर्क कन्व्हर्टर मूळचा आहे का, हे अवश्य पाहावे.

क्लचची जागा घेणारा हा तेलाने भरलेला डबा. इंजिनाबरोबर फिरणारा पंप तेल टर्बाइनच्या पात्यांवर फेकतो, मधला स्टेटर परतणाऱ्या तेलाची दिशा वळवतो आणि ट्रक जागचा हलताना जोर वाढतो. ही कल्पना जर्मन अभियंता हर्मान फ्योटिंगर यांची, १९०५ सालची.

अनेक कन्व्हर्टर वेल्ड करून कायमचे बंद केलेले असतात. दुरुस्तीसाठी ते कापावेच लागतात. त्यामुळे कडेला दुसऱ्यांदा घातलेला ओबडधोबड वेल्ड दिसला, तर डबा उघडला गेला आहे हे ओळखावे. काही अवजड गिअरबॉक्समध्ये तो बोल्टने जोडलेला असतो. तेथे ही खूण निरुपयोगी. रंगावर तर मुळीच विसंबू नये, तो कोणीही फासतो.

खात्रीचा मार्ग एकच. गिअरबॉक्सच्या पट्टीवरील मॉडेल व अनुक्रमांक टिपून घ्यावा आणि कन्व्हर्टरवरील क्रमांक उत्पादकाच्या सुट्या भागांच्या पुस्तकाशी ताडून पाहावा. व्यास आणि बोल्टची छिद्रे जुळली तरी आतील पात्यांचा कोन वेगळा असू शकतो. मग तेल तापते, चढावर ट्रक रेंगाळतो. नीट दुरुस्त केलेला योग्य कन्व्हर्टर त्यापेक्षा केव्हाही बरा. फक्त त्याची किंमत मूळ म्हणून मोजू नये.