उदाहरण सोडविण्याची रीत

शाब्दिक उदाहरण समोर येताच पुष्कळ मुले लगेच आकडेमोड करू लागतात. वास्तविक उदाहरण प्रथम नीट वाचावयाचे असते. काय दिले आहे व काय काढावयाचे आहे, हे स्वतःच्या शब्दांत सांगता आले, की अर्धे काम झाले.

एका शेतकऱ्याने गव्हाची निम्मी पोती विकली, एक तृतीयांश घरात खाण्यासाठी ठेविली व उरलेली ४ पोती बियाणे आणि मजुरी यांसाठी राखली. तर एकूण पोती किती?

भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्ये रचिलेल्या ‘लीलावती’ या ग्रंथात अशा उदाहरणांसाठी ‘इष्टकर्म’ नावाची रीत सांगितली आहे. उत्तर म्हणून सोयीची एक संख्या मानावयाची. समजा, पोती ६ होती. विकली ३, घरात ठेविली २, उरली १. प्रत्यक्षात उरली ४, म्हणजे चौपट. म्हणून एकूण पोतीही चौपट, म्हणजे २४.

बीजगणितात अज्ञात संख्येला एक अक्षर देतात. भास्कराचार्य तिला ‘यावत्तावत्’ म्हणत व थोडक्यात ‘या’ लिहीत. आपण ‘क्ष’ लिहितो. निम्मे व एक तृतीयांश मिळून पाच षष्ठांश होतात. उरतो एक षष्ठांश. क्ष चा एक षष्ठांश ४, म्हणून क्ष = २४.

शेवटी ताळा पाहावा. १२, ८ व ४ यांची बेरीज २४ येते. अशा हिशेबात चूक राहिली, तर बियाणेही विकले जाते आणि पेरणीच्या वेळी दुसऱ्याच्या दारी जावे लागते. म्हणून ताळा पाहिल्यावाचून उदाहरण पुरे झाले असे मानू नये.