पारा चाळिशीच्या खाली, तरी जिवाला धोका

“चाळीस कुठे झालंय? आपल्याकडे काही नागपूरसारखं ऊन नाही,” असं मुंबई-कोकणात दर एप्रिलमध्ये ऐकू येतं. हा समज जिवावर बेततो. 16 एप्रिल 2023 रोजी खारघरच्या उघड्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. पारा 38 अंशांच्या आसपासच होता. तासन्‌तास उन्हात बसलेल्यांपैकी 14 जणांचा जीव गेला.

अंग थंड होतं ते घाम आल्याने नव्हे, घाम वाळल्याने. एक लिटर घाम वाळताना सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता अंगातून नेतो. हवेत आधीच भरपूर बाष्प असलं की तो वाळत नाही, नुसता ओघळतो. पाणी आणि मीठ जातं, उष्णता मात्र आतच राहते. म्हणून 32 अंश तापमान आणि 70 टक्के आर्द्रता मिळून शरीराला 40 अंशांसारखी काहिली होते. हा हिशेब सावलीतला आहे; थेट उन्हात आणखी आठेक अंशांची भर पडू शकते.

विदर्भात नेमका उलटा गैरसमज असतो: घाम दिसत नाही, म्हणजे पाणी जात नाही. कोरड्या हवेत घाम दिसण्याआधीच उडून जातो, तेव्हा तहानेची वाट न पाहता पाणी प्यायला हवं. तिथे उत्तम चालणारा कूलर किनाऱ्यावरच्या बंद खोलीत मात्र दमटपणाच वाढवतो. खिशातल्या कांद्याने ऊन लागायचं थांबत नाही. डोक्याला पंचा बांधावा, दुपारची अंगमेहनत टाळावी.

सर्वांत घातक समज म्हणजे, घाम येतोय तोवर उष्माघात नाही. उन्हात राबणाऱ्या माणसाला घामाने निथळत असतानाही उष्माघात होतो. खूण ओळखायची ती वागण्यावरून: माणूस बरळतो, झोकांड्या खातो, आकडी येते, शुद्ध हरपते. अशा वेळी पॅरासिटामॉलचा उपयोग नाही, कारण हा जंतुसंसर्गाचा ताप नव्हे. 108 ला फोन करा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू नका. त्याला सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगभर पाणी ओता, जोराने वारा घाला, काखेत आणि जांघेत बर्फ ठेवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. ते श्वासनलिकेत जाऊ शकतं.