हृदयाला सांवरणारें जाळें

हृदय म्हणजे केवळ मांसाचा गोळा, अशी सामान्य समजूत असते. परंतु मिनिटास सुमारें ७२, म्हणजे दिवसास लाखावर ठोके देणारा हा गोळा फाटत कसा नाहीं? त्याच्या पेशींना बांधून ठेवणारें एक तंतुमय जाळें आहे. त्यास संयोजी ऊतक म्हणतात.

मॅसनच्या पद्धतीनें रंगविलेला हृदयाचा पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखालीं पाहावा. स्नायुपेशी तांबड्या दिसतात व त्यांच्यामधून कोलॅजेनचे निळे तंतु गेलेले आढळतात. प्रत्येक पेशीभोंवतीं एक नाजूक वेष्टन, पेशींच्या जुडीभोंवतीं दुसरें जाडसर वेष्टन; जणूं काटक्यांच्या लहान जुड्या बांधून त्यांची मोठी मोळी केली आहे. हीं वेष्टनें पेशींस निसटूं अथवा फाजील ताणूं देत नाहींत, आणि केशवाहिन्यांसही आधार देतात.

हृदयविकाराच्या झटक्यांत मेलेल्या स्नायुपेशी जवळजवळ पुन्हा उत्पन्न होत नाहींत. त्यांच्या जागीं कोलॅजेनचा व्रण तयार होतो. तो आकुंचन पावत नाहीं, पण भिंत सांवरून धरतो. मात्र पहिल्या आठवड्यांत तो कच्चा असतो. बळकट होण्यास कित्येक आठवडे लागतात. म्हणून छातींतील कळ थांबतांच रोग्यास कामास जुंपूं नये. डॉक्टरांच्या सल्ल्यानेंच हालचाल वाढवावी.

उलटपक्षीं, वर्षानुवर्षें रक्तदाब वाढलेला राहिल्यास हेंच जाळें प्रमाणाबाहेर वाढतें व हृदय ताठर होतें. यास्तव रक्तदाब वेळोवेळीं तपासून आटोक्यांत ठेवावा, हें बरें.