एफ५०-६ : मोटरवरचा आकडा नीट वाचा

अमेरिकेत मॉडेल रॉकेटच्या हौसेत दारू घरी कालवायची नसते, मोटर तयार मिळते. ई, एफ आणि जी वर्गांच्या मोटर म्हणजे मिड-पॉवर. समजा, मोटरवर ‘एफ५०-६’ छापलंय. एफ म्हणजे एकूण आवेग ४० ते ८० न्यूटन-सेकंद. ५० हा सरासरी रेटा, न्यूटनमध्ये. आणि ६ म्हणजे इंधन जळून गेल्यावर ६ सेकंदांनी छोटा बार होऊन पॅराशूट बाहेर पडणार.

या शेवटच्या आकड्याकडेच लोक काणाडोळा करतात. बार उशिरा झाला, तर तोवर रॉकेट नाक खाली करून सुसाट निघालेलं असतं. पॅराशूट उघडताच दोरी पुठ्ठ्याची नळी उभी चिरत जाते.

पंखांच्या सांध्यात एपॉक्सी भरा. गुरुत्वमध्य दाबकेंद्राच्या पुढे, निदान नळीच्या एका व्यासाइतका हवाच. नसेल तर नाकात वजन घाला. आणि हे मोटर बसवूनच तपासा, कारण तिचं सगळं वजन शेपटीला असतं!

उडवताना ३० फूट लांब. वारा ताशी २० मैलांच्या वर असेल तर उडवायचंच नाही. मी तर त्याच्या निम्म्यावरच लहान पॅराशूट लावतो, नाहीतर रॉकेट शोधत शेजारच्या मक्यात शिरावं लागतं.